दारातला डायोड

आमच्या दुरुस्तीच्या दुकानात दादाची एक पद्धत आहे आणि माझी एक. बंद पडलेला टीव्ही आला की दादा आधी वायर जिथून आत शिरते तिथला छोटा डायोड बघतो. बाहेरून विजेचा झटका आला तर तो अंगावर घ्यायचा आणि मागचं सर्किट वाचवायचं, एवढंच त्या चिमुकल्याचं काम. झटका फारच मोठा असला तर तो जळतो, फ्यूज उडतो आणि यंत्र बंद पडतं. दादा मेलेला डायोड कापून टाकतो, फ्यूज बदलतो, झालं काम. गिऱ्हाईक खूश. नवा डायोड बसवत नाही, कारण त्याच्याशिवायही यंत्र चालतं.

मी मात्र डायोडांच्या कागदी पट्टीतून एक काढून नवा लावते. दार उघडं टाकून झोपल्यासारखं वाटतं मला ते. यावरून आमची नेहमी जुंपते.

मग घरी बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. त्याच्याशिवाय बाबांचं पानही हलत नाही. जोडीला ठेवलेला सिलिंडर लावला आणि मशीन उघडलं. डायोड जळला होता. नवा बसवला. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. आजूबाजूला कुणाचा दिवासुद्धा लुकलुकला नव्हता. मग दुप्पट ताकदीचा लावला. तोही गेला.

"काप आता," दादा म्हणाला. "बाबांना हवा पाहिजे. डायोड घेऊन काय करायचंय त्यांना?"

"आणि जे येतंय ते खुशाल आत जाऊ दे?"

"काय येतंय?"

मी जास्तच चिडले. नवा डायोड बसवला, प्लग काढून फरशीवर ठेवला आणि मशीन बॅटरीवर लावलं. आता बाहेरून काही येणं शक्यच नव्हतं. उगाच खात्री म्हणून फरशीवरच्या त्या मोकळ्या प्लगला मीटर लावला.

आकडा हळूहळू चढला. थांबला. उतरला. पुन्हा चढला.

मी बाबांच्या छातीकडे पाहिलं. त्यांचा श्वास तोकडा आणि भरभर चालला होता. मीटरवरचा लांब होता, अगदी निवांत.

मशीनच्या आत 'चट्' झालं आणि जळका वास आला. दादाने वाकून मीटरच्या तारा काढून पुन्हा लावल्या; आकडा तसाच चढत-उतरत राहिला.

"काप की ते," बाबा म्हणाले. "किती दिवस अडवणार आहेस?"

बाबा जन्मभर शिंपीकाम करत आले, डायोड कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नाही. त्यात गेलं वर्षभर त्यांना चार शब्द सलग बोलता आलेले नाहीत. हे एका दमात आलं होतं. डोळे मिटलेलेच होते.

मग असा संताप आला म्हणता! बाप माझा, आणि त्याच्याच तोंडून मला हुकूम सोडायचा?

"नाही कापणार," मी त्या प्लगला म्हणाले. "पट्टीभर डायोड आहेत माझ्याकडे. ये, बघतेच तुला."

शेजारी शेजारी तीन जोडले. दादाने मी न सांगताच टॉर्च धरला आणि माझ्या हातावर उजेड पाडला.

एक गेला.

दुसरा गेला.

तिसरा टिकला. मीटर शून्यावर आला.

बाबा खोकले. "पाणी... दे... गं," ते म्हणाले. त्या तुटक बोलण्याने मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी दारात आल्या. "आमचा टीव्ही बघता का जरा? प्लग काढला तरी आत कुणीतरी श्वास घेतंय असं वाटतं. कालपासून सुरू झालंय."

दादाचा चेहरा उतरला. "मीच दुरुस्त केला होता तो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "कापून. या गल्लीतले बहुतेक मीच केलेत."

"मग बहुतेक सगळे पुन्हा उघडू," मी म्हटलं. "पट्टी घे."

वहिनींच्या खोलीत टीव्हीसमोर खाटेवर त्यांच्या सासूबाई पडून होत्या. पक्षाघातानंतर त्यांची वाचा गेली होती, सगळ्या गल्लीला माहीत होतं. मी टीव्हीचं मागचं झाकण काढलं.

"इथंही आलीस?" पाठीमागून सासूबाईंनी विचारलं. स्पष्ट, एका दमात.

वहिनींच्या हातातला पेला खाली पडला.

"आले," मी मागे न बघता म्हटलं आणि दादापुढे हात केला. त्याने पट्टीतून कोरा डायोड काढून माझ्या तळहातावर ठेवला.

कुठेही जोडण्याआधीच तो गरम होता.