डाव्या कानाखाली

स्मिताच्या डाव्या कानाखाली सूज यायला लागली, तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी तिच्याकडे नीट न बघताच सांगून टाकलं, की लाळेच्या ग्रंथीत खडा असेल. जेवताना सुजते, जेवण झालं की उतरते. ठरलेला प्रकार.

"पण मी जेवते तेव्हा नाही सुजत," स्मिता म्हणाली. "दुपारी उशिरा, मी कामात असते तेव्हा सुजते."

"मग मनात जेवणाचे विचार येत असतील," म्हणून डॉक्टर हसले.

स्मिता हसली नाही. महाप्याच्या रंगांच्या कारखान्यात ती केमिस्ट होती. अंदाजाला उत्तर म्हणणाऱ्या माणसांची तिला चीड होती. आणि अलीकडे तर चीड यायला निमित्तही लागत नव्हतं. आई गेल्यापासून ती सतत आतून उकळत होती.

आई, विमलबाई, कळंबोलीला स्मिताच्या धाकट्या भावाकडे होती. नंदकिशोरचं लोखंडबाजारात दुकान, घर ऐसपैस. आईला लकवा मारला, डावी बाजू गेली, तशी त्याने तिची खाट हॉलमध्ये आणून टाकली, जेवणाच्या टेबलासमोर. तिला भरवायचं तर एका वाटीला तास लागायचा, आणि तेवढा वेळ कुणाला होता? "ती खातच नाही ताई, तोंड मिटून घेते," तो म्हणायचा. स्मिता रविवारी जायची तेव्हा तीच आई मऊ भाताची वाटी पुरी करायची आणि रिकामी वाटी उजव्या हाताने घट्ट धरून ठेवायची. स्मिता म्हणाली, मी नेते तिला सीवूड्सला. नंदकिशोर म्हणाला, मुलगा असताना आई लेकीच्या दारात? लोक शेण घालतील माझ्या तोंडात.

रोज दुपारी तो दुकानावरून यायचा, टेबलावर ताटं मांडली जायची, आणि समोरच्या खाटेवर आईच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागायची. राजेश्वरी वहिनी तिच्या गळ्यात टॉवेल बांधायची आणि जेवायला बसायची.

शेवटची आंघोळ घालताना स्मिताने आईच्या फासळ्या पाहिल्या होत्या. तेराव्याला नंदकिशोरने दोनदा श्रीखंड मागून घेतलं होतं. ती तेव्हा काही बोलली नाही. बोलली असती तर थांबली नसती.

सोनोग्राफीत खडा निघाला नाही. गाठ नाही, पू नाही. तेव्हा कुणीतरी तिला नेरूळच्या एका स्कॅन सेंटरमध्ये डॉक्टर सुमय्यांकडे पाठवलं. मूळच्या श्रीवर्धनकडच्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. पण त्यांनी पहिल्यांदाच स्मिताला समोर बसवून सगळं समजावलं.

"दंडाच्या शिरेतून औषध देणार. त्यात किंचित रेडिएशन असतं, ते लघवीवाटे निघून जातं. आज पाणी भरपूर प्या, तान्ह्या मुलांना जवळ घेऊ नका, गरोदर बायकांपासून लांब राहा. दुखत नाही. फक्त मान हलवायची नाही. औषध आधी ग्रंथीत साठतं. मग मी लिंबाचा रस देईन, की ग्रंथी रिकाम्या होतात आणि तोंडात लाळ दिसते. तुमच्या ग्रंथी भरतात कशा आणि रिकाम्या होतात कशा, एवढंच बघायचंय."

"आणि मला खरं सांगाल? जे दिसेल ते?"

"दिसेल तेच सांगीन."

स्मिता आडवी झाली. कॅमेऱ्याची चपटी पाटी चेहऱ्याजवळ आली. खोलीत एसीचा गारवा होता, स्पिरिटचा वास होता. बराच वेळ काही झालं नाही. मग डाव्या कानाखाली ओळखीची ठणक सुरू झाली. जबडा दगडासारखा झाला.

"तोंडात काही आहे का तुमच्या?" पडद्यामागून सुमय्यांनी विचारलं.

"नाही."

"लिंबू मी अजून दिलेलं नाही."

नंतर त्यांनी तिला स्क्रीनसमोर बसवलं. एकामागून एक चित्रं. दोन्ही बाजूंना काळे ठिपके भरत गेलेले. मग लिंबू द्यायच्या आधीच डावा ठिपका फिका होत होत नाहीसा झालेला.

"ही ग्रंथी रिकामी झाली," सुमय्या म्हणाल्या. "छान काम करतेय. पण हे तोंड बघा. इथे काळं दिसायला हवं. लाळ निघाली, आणि तुमच्या तोंडात आलीच नाही."

"मग कुठे गेली?"

सुमय्यांनी चित्रं पुन्हा पहिल्यापासून लावली. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

स्मिताची जीभ टाळूला चिकटली होती. तिने चित्राखालची वेळ पाहिली. दुपारचे अडीच वाजून गेले होते. ह्या वेळेला नंदकिशोर दुकानावरून येऊन जेवायला बसायचा.

रविवारी ती कळंबोलीला गेली. मनात सगळं जुळवून गेली होती, एकही शब्द गिळायचा नाही असं ठरवून.

दार नंदकिशोरने उघडलं आणि क्षणभर तिला तो ओळखू आला नाही. गालफडं बसली होती. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. टेबलावर ताट वाढलेलं होतं, डोंगराएवढा भात, सुरमई, आमटी.

"हल्ली दिवसातून चारदा जेवतात," राजेश्वरी हळूच म्हणाली. "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत."

"तू आईला उपाशी मारलंस," स्मिता म्हणाली.

तो भांडला नाही. खुर्चीत बसला. "बघ," म्हणाला.

त्याने भाताचा घास तोंडात घातला आणि ओठ मिटले. स्मिताच्या कानाखाली ठणक उठली. त्याने चावलं नाही, गिळलं नाही. तोंड उघडलं.

आत काही नव्हतं. जीभ कोरडी होती.

"चावायच्या आत जातो," तो म्हणाला. "प्रत्येक घास."

राजेश्वरीने मान दुसरीकडे वळवली.

"ताई, तुझं ऐकायची ती." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तिला सांग ना, पुरे म्हणून."

स्मिताने आईची खाट होती त्या भिंतीकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली. सुरमई बाजूला सारून तिने भात आमटीच्या वाटीत कालवला, बोटांनी अगदी मऊ केला.

"आ कर," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. तिचा जबडा हळूहळू ताठ होत गेला. वाटी संपायला तासभर लागला नाही, पाच मिनिटंही लागली नाहीत.

"वहिनी," स्मिता म्हणाली, "भात अजून आहे ना?"