चौदा पायऱ्या, दहा आकडे

दुपारच्या प्रयोगाला महाराज नेहमीसारखेच दोन तास आधी आले. चाळीस वर्षं राजाची एकच भूमिका केल्यामुळे नाट्यगृहात सगळे त्यांना महाराजच म्हणत. घरी मात्र या महाराजांना स्वतःचा चष्माही सापडत नसे. आजचा प्रयोग त्यांचा शेवटचा होता.

नाटकाचा सगळा जीव एका अंधारात होता. राजा मरून पडे, दिवे जात, आणि दहा आकडे मोजून होताच तोच राजा चौदा पायऱ्यांवरच्या सज्जात उभा दिसे. लोक त्यासाठीच तिकीट काढत. जिन्यामागे महाराजांची बायको थांबलेली असे. कपडेपट तिच्याकडे होता. पाठीवर हात ठेवून ती त्यांना वर चढवी आणि कानाशी आकडे मोजी. तीन वर्षांपूर्वी ती गेली, आणि दहाचे पंधरा झाले. मागच्या प्रयोगात दिवे लागले तेव्हा महाराज नवव्या पायरीवर धापा टाकत होते. अंधारातून कुणीतरी फिसकन हसलं. ते हसणं त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

"बाबा, आज वर दुसऱ्याला उभं करते," लेक म्हणाली. नाटक आता तीच बसवत होती. "कोट तुमचा, मुकुट तुमचा. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"आणि पडलात तर?"

"तर पडलेला दिसेन. पण मीच दिसेन. जिन्यामागेही कुणी नको."

लेक त्यांच्या कोटाची बटणं लावू लागली. गळ्याजवळचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

"हे शिवते."

"राहू दे. तिसरी घंटा झाली."

आई असती तर तिने ऐकलं नसतं. ती विंगेत उभ्या उभ्या टाके घाली. मात्र प्रयोगात घातलेला टाका प्रयोग संपेपर्यंत तोडायचा नाही, असा तिचा हट्ट होता. तोवर सुई कोटावर झुलत राही. पडदा पडला की ती जवळ येई आणि दोरा दाताने तोडी.

राजा मेला. पडताना ते बटण तुटलं आणि गडगडत कुठंतरी लांब गेलं. दिवे गेले.

महाराजांनी हात टेकले. गुडघा उठायला तयार होईना. आता संपलं, असं त्यांना वाटलं, आणि तेवढ्यात डांबरगोळ्यांचा वास आला. कपड्यांच्या पेटीचा वास. पाठीवर एक हात टेकला. थंडगार.

"अहो… चला. एक…"

त्यांच्या अंगावर काटा आला. तरी पाय उचलला गेला.

"दोन… तीन…"

मागे वळून बघायचं नाही, एवढंच त्यांना कळत होतं. पायऱ्या पायाखालून भराभर सरत होत्या. गळ्याजवळ काहीतरी बारीक टोचलं. "सात… आठ…" आणि ते वर होते. मुकुट सारखा करायला दोन आकडे उरले होते.

दिवे लागले. मग महाराजांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, आणि पडदा पडायच्या आधीच अख्खं नाट्यगृह उभं राहिलं होतं. टाळ्या थांबेनात. म्हाताऱ्याचा ऊर आनंदाने भरून आला.

मेकअपच्या खोलीत लेक रडत हसत होती. "आठ, बाबा. मी मोजले."

"जिन्यामागे कुणाला ठेवलं होतंस?"

"कुणालाच नाही. तुम्हीच नको म्हणालात…"

तिची नजर त्यांच्या कोटाकडे गेली. गळ्याजवळचं बटण जागेवर होतं. त्याखाली लांब दोऱ्याला सुई झुलत होती.

"हे… कुणी…" तिने कात्री उचलली.

"ठेव ती खाली," महाराज म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि नेहमीसारखी हनुवटी वर केली. "आता प्रयोग संपलाय."

कट्‌, असा हलका आवाज झाला. सुई लेकीच्या पायाशी पडली.

तिने ती उचलली. दोऱ्याचं टोक ओलं होतं.