सात नंबरचं दीपगृह कुणाशी बोलत होतं?

पडद्यावर अक्षरं उमटली : ‘कोणी आहे का?’

पर्णाच्या अंगावर काटा आला. हेच शब्द तिनं आत्ता टाइप केले होते.

तिनं पुन्हा लिहिलं, ‘आईची होडी लागली का?’

मग सावकाश, एकेक अक्षर करत : ‘आईची होडी लागली का?’

बाहेर भर दुपारी इतकं दाट धुकं, की जणू खिडकीला कुणी चादर बांधली असावी. आई सकाळीच पाण्याचे नमुने घ्यायला समुद्रात गेली होती; नोंदींत तिचं नाव ‘पागधरे’. किनाऱ्यावर अकरा दीपगृहं. कुठेही होडी लागली, की तिची नोंद अकराच्या अकरा ठिकाणी उमटायची. सातव्यात, म्हणजे इथं, आज एकही नोंद नव्हती. बाकीची दहा दीपगृहं धुक्यानं गिळली की काय?

“आजोबा! यंत्रात कुणीतरी बसलंय. माझी नक्कल करतंय!”

यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म गेलेले आजोबा जिना उतरून आले. “कुणी नाही गं. तुझंच तुला ऐकू येतंय. काल ऐकण्याचा पत्ता काय घातलास?”

“तुम्हीच म्हणालात, ‘आपला घाल’. मी यंत्राचा आपला स्वतःचा घातला. १२७.०.०.१.”

“अगं बये! आपला म्हणजे आपल्या सगळ्यांचा! दीपगृहांच्या जाळ्यातला!”

“मग तसं सांगायचं ना!”

“चुकलंच माझं. हे बघ, हा आपला नोड (नोंदींच्या साखळीची एक प्रत सांभाळणारं यंत्र). हा जुना आहे, आपण होऊन कुणाला हाक मारत नाही. दाराशी बसून ऐकतो. कुठल्या वाटेवरचं ऐकायचं, ते पत्ता सांगतो. त्या वाटेवरचं कितवं दार, ते पोर्ट (दाराचा क्रमांक) सांगतो. १२७.०.०.१ ही वाट यंत्रातून निघून यंत्रातच येते.”

“म्हणजे कालपासून हा एकटाच बडबडतोय?” पर्णाला त्या यंत्राची भीतीही वाटली, आणि कीवही आली. “मग सगळी शून्यं घालते. ०.०.०.० म्हणजे कुणीच नाही ना?”

“उलट! सगळ्या वाटांवरचं ऐक, असा अर्थ होतो. अनोळखी वाटेवरचंसुद्धा. आपल्या जाळ्यातला पत्ता घाल. १०.७.०.७, दार ७१०७.”

“आणि इथं खाली ७१०८ पण आहे, ते?”

“ते हुकमाचं दार. तिथून आलेला हुकूम यंत्र मुकाट पाळतं. त्याला १२७च राहू दे, म्हणजे बाहेरून कुणी हुकूम सोडणार नाही.”

पर्णानं पत्ता बदलला, यंत्र पुन्हा सुरू केलं. मग दहा दिशांनी एकच हाक : ‘सात, आहेस का? सात, आहेस का?’

पाठोपाठ राहिलेल्या नोंदी धडाधड उतरल्या. ‘१०.४०. पागधऱ्यांची होडी चारला लागली.’

“आई पोचली!” पर्णानं उडीच मारली. पण खाली आणखी एक ओळ होती. ‘सात गप्प. पागधरे १२.०५ला सातकडे शोधायला निघणार.’

या धुक्यात? या खडकांतून?

घड्याळात १२.०२.

‘सात आहे. दोघंही बरी. आई, निघू नकोस,’ पर्णानं लिहिलं. “गेलं?”

“नुसतं आपण लिहून साखळीत जात नाही. अकरातल्या सहांनी ‘मान्य’ म्हणायला हवं.”

एक मान्य. दोन. तीन. मग काहीच नाही. खिडकीबाहेर पांढरं, पडद्यावर काळं. १२.०४. चार. पाच.

सहा.

आजोबांनी पर्णाची पाठ थोपटली. पडद्यावर चार नंबरवरून आईची ओळ उमटली : ‘होडी परत बांधली. जेवलात का?’

“हेही साखळीत गेलं?” पर्णानं विचारलं.

“गेलं की. अकरा ठिकाणी. आता कुणाला पुसता यायचं नाही.”

शंभर वर्षांनी इथं कुणी नवा नोड लावील, पहिल्यापासूनच्या नोंदी उतरवून घेईल, आणि त्याला धुक्याच्या या दिवशी एका आईनं विचारलेला प्रश्न सापडेल. पर्णाला हसू आलं. त्याला उत्तरही सापडायला हवं, म्हणून तिनं नीट, शुद्धलेखन तपासून लिहिलं : ‘अजून नाही. धुकं गेल्यावर तू ये, मग बसू.’