डिकीत पाच अंश

गाडीच्या डिकीत कंपनीनं दिलेला सॉकेट नावापुरता असतो. त्याच्यामागची वायर बारीक, बॅटरीपासून डिकीपर्यंतचं अंतर पाच मीटर. फोन चार्ज होतो, पण फ्रिज लावला तर तो भर उन्हात तासाभरात मान टाकतो. हे मला कोणी सांगितलेलं नाही, मी मल्टिमीटर लावून मोजलं. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, डिकीत जेमतेम अकरा.

मोजायचं कारण टिली. ती साडेतीन वर्षांची आहे आणि दीड वर्षाची असल्यापासून इन्सुलिनवर आहे. तीन महिन्यांचं इन्सुलिन आम्ही पोर्ट ऑगस्टाहून आणतो. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आमच्या कूबर पेडीपासून ते पाचशे चाळीस किलोमीटर, आणि जानेवारीत बाहेर पंचेचाळीस अंश. मागच्या उन्हाळ्यात बर्फाच्या पेटीतून आणलं, तर एक खोकं बर्फाला टेकून गोठलं. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला आधीसारखंच दिसतं. दोन दिवस मी माझ्या हातानं लेकीला निव्वळ पाणी टोचत होते. तिसऱ्या दिवशी तिला विमानानं ॲडलेडला हलवलं.

तेव्हापासून जे मी स्वतः मोजलेलं नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही.

लॉकी, माझा नवरा, खाणीवर दोन आठवडे असतो आणि दोन आठवडे घरी. तो रविवारी येणार होता, दवाखान्याची तारीख गुरुवारची होती. मंगळवारी काम करायचं ठरवून सोमवारी मी तोमोकडे केबल आणायला गेले. गाड्यांची वायरिंग करण्यात त्याचा जन्म गेलेला.

"बसवणार कोण?" त्यानं विचारलं.

"मी."

"कॉलेजात हेपण शिकवतात होय?"

"कॉलेजात रसायनशास्त्र. हे तुमचं बघून."

"बघून माझी बायकोही शिकली होती. टोस्टर गेला, वर पडदाही गेला." त्यानं केबल हातावर गुंडाळत मोजली. "फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. केबलच्या टोकाला थिंबल दाबून बसवलं की जोर लावून ओढून बघायचं. फ्यूज सगळ्यात शेवटी घालायचा, तोवर खिशात. आणि दुसरं टोक कोण धरणार?"

"कशाला लागतंय कोणी?"

"मागच्या चाकाच्या कमानीतून केबल एकट्यानं जात नाही, पोरी. एकानं सरकवायची, एकानं ओढायची. मी येऊ का?"

"नको," मी म्हणाले. जरा तोडूनच म्हणाले.

मंगळवारी पहाटे साडेपाचला सुरुवात केली. पत्रा तापायच्या आत जड काम उरकायचं होतं. बॉनेटमधून रबरी बुचातून केबल आत घेतली, दारांच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या उचकटून त्यांच्याखाली नीट बसवली. आठला टिली उठली. तिला टोचून, खाऊ घालून घराच्या दाराशी सावलीत बसवलं. आमची घरं टेकडीच्या पोटात खोदलेली, त्यामुळे दाराशी गारवा असतो. माझ्या नजरेसमोरच होती ती.

उरली होती ती चाकाची कमान. तिथलं प्लास्टिक उन्हानं इतकं ठिसूळ झालं होतं की काढलं असतं तर हातात तुकडे आले असते. मागच्या सीटवर गुडघे टेकून केबल आत सरकवायची, अडली की उतरायचं, डिकीशी जाऊन चाचपायचं, परत यायचं. अशा चार खेपा झाल्या. घाम डोळ्यांत जात होता. तोमोला बोलवायचं नाही एवढं मात्र पक्कं होतं.

पाचव्या खेपेला केबल गेली.

मी ढकलली म्हणून नाही. माझ्या मुठीतून ती हलकेच पुढे सरकली, वीतभर, मग थांबली. माझ्या बाजूला पीळ पडला होता. तो मी सोडवला. केबलला दोन हलके हिसके बसले, तयार आहेस का असं विचारावं तसे, आणि ती पुन्हा सरकू लागली. सावकाश, सालपट निघणार नाही अशा बेतानं. केबल ओढायची असते तर अशीच.

"टिली, सोड ते," मी म्हणाले.

"काय?" टिलीचा आवाज समोरून आला. ती दाराशीच बसलेली होती, दोन्ही हातांत बर्फाची कांडी.

मी उतरून मागे गेले. डिकी सताड उघडी होती, आत कोणी नव्हतं. केबल कमानीतून बाहेर येऊन व्यवस्थित वेटोळं करून ठेवलेली होती. प्लग बसवायला मला दीड वीत जास्तीची हवी होती. मी मोजली. दीड वीत.

आतली स्प्रिंगसारखी तार सुटली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. केबलला ताण असतो, तो कधीकधी एकदम मोकळा होतो. हे स्पष्टीकरण फारसं चांगलं नव्हतं, पण नऊ वाजत आले होते आणि पत्रा चटके देत होता.

अकराला फ्रिज जोडला. तो घुमायला लागला आणि तासाभरात आकडा पाचावर येऊन थांबला. मी फोटो काढून लॉकीला पाठवला. त्याचं उत्तर दुपारी आलं: "मॅडम, हे तर कंपनीतून आल्यासारखं दिसतंय. दुसरं टोक कोणी धरलं?"

"कोणी नाही," मी लिहिलं. लिहिताना इतकं बरं वाटलं की मी ते वाक्य दोनदा वाचलं.

फ्रिज मंगळवारपासून चालूच ठेवला होता. गुरुवारी पहाटे निघालो. टिलीच्या दंडावर साखर मोजायचं बटणाएवढं यंत्र चिकटवलेलं असतं, त्याचा आकडा माझ्या फोनवर येतो. इथल्या मापात तो चार ते सातमध्ये हवा. टिलीचा कधी तीन, कधी अठरा. गेली दोन वर्षं मी झोपते ती त्या आकड्याला कान लावून.

मंगळवार दुपारपासून तो शहाण्यासारखा वागत होता, त्या दिवशीही पाच होता. वाटेत ग्लेंडॅम्बोला तिनं बटाट्याच्या तळलेल्या फोडी खाल्ल्या, त्यासाठी मी मोजून इन्सुलिन टोचलं. एरवी तरीही आकडा उडी मारतोच. पाच. पिंबा आलं, पाच. यंत्र बिघडलं असावं म्हणून दवाखान्यात आयरीन या नर्सनं बोटाला टोचून रक्त तपासलं. तिथंही पाच आला.

आयरीननं दोन दिवसांचा आलेख बघितला. मंगळवारी अकरापर्यंत डोंगरदऱ्या, तिथून पुढे पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेघ.

"तू काय करतेस मला माहीत नाही," ती म्हणाली, "पण तेच करत राहा. फार छान सांभाळलंयस हिला."

दोन वर्षांत हे मला कोणी म्हणालं नव्हतं. रडू येऊ नये म्हणून मी गाडीच्या किल्ल्या शोधायला खिशात हात घातला.

खिशात फ्यूज होता. न फोडलेल्या पाकिटातला. मंगळवारी घातलेलीच पँट आज घाईत परत घातली होती.

वाहनतळावर मी बॉनेट उघडलं. फ्यूजची जागा रिकामी होती, दोन पितळी टोकं, मध्ये बोटभर हवा. त्याच्या पुढच्या केबलवर मीटर लावला. शून्य. डिकीत गेले, प्लगवर लावला. बारा पूर्णांक सहा. दोन्हीकडे तीनतीनदा मोजलं. फ्रिज शांतपणे घुमत होता.

मी फ्यूज बसवला. योग्य ते हेच होतं.

फ्रिज चालूच राहिला, पण त्याचा सूर बदलला, आणि आकडा वर सरकू लागला. सहा. सात. मी फोनकडे बघितलं ते वेळ बघायला. टिलीचा आकडा सात होता. फ्रिज आठावर गेला. फोनही.

फ्यूज काढला. वीस मिनिटांत दोन्हीकडे पाच.

एकदा घडलं तर तो योगायोग असतो. मी पुन्हा घातला, पुन्हा काढला. टिली मागच्या सीटवर चित्राला रंग देत होती. मग मी फ्रिजमध्ये इन्सुलिनची खोकी ठेवली, फ्यूज खिशात टाकला आणि घराकडे निघाले.

भीती वाटायला हवी होती, आणि ती होतीही. पण पाचशे चाळीस किलोमीटर मी ताठ बसून गाडी चालवली. माझ्या हातचं काम कोणीतरी स्वीकारलं होतं.

इन्सुलिन घरातल्या फ्रिजमध्ये ठेवलं. गाडीतला रिकामा फ्रिज पाचावर चालू ठेवला. शुक्रवारी पाच, शनिवारी पाच. दोन्ही रात्री मी सलग सात तास झोपले.

रविवारी दुपारी लॉकी आला. जेवण झाल्यावर सगळं सांगायचं ठरवलं होतं. आधी एवढंच म्हणाले, "गाडीतला फ्रिज बंद करू नकोस."

"रिकामा आहे ना?"

"असू दे. बंद करायचा नाही."

"जशी आज्ञा," तो हसत म्हणाला आणि बाहेर गेला.

टिली सोफ्यावर झोपली होती. मी पाव कापत होते, फोन ओट्यावर होता. बाहेरून आवाज आले. लॉकीनं तोमोला बोलावून आणलं होतं.

"एकटीनं?" तोमो.

"एकटीनं. दुसरं टोकसुद्धा कोणी धरलं नाही."

तोमोनं शीळ घातली. "हे वळण बघ. माझ्या हाताखाली इतकी माणसं शिकली, असं वळण एकालाही जमलं नाही. तुझी बायको म्हणजे..." पुढचं ऐकू आलं नाही. मी तिथंच सुरी धरून उभी राहिले. खोटं का बोलू, ते ऐकायला उभी राहिले.

"पण केबल पूर्ण भार घेते का बघू," तोमो म्हणाला. "पाच अंशांवर काय, कुणाचीही केबल चालेल."

"बंद करायचा नाही म्हणालीय."

"बंद कुठे करतोय?"

फोन थरथरला. चार पूर्णांक चार, शेजारी खाली जाणारा बाण.

मी सुरी टाकली. सोफ्यावर टिलीनं झोपेतच गुडघे पोटाशी घेतले.

तीन पूर्णांक सहा.

"किती खाली जातो रे हा?" बाहेर तोमो विचारत होता.

"उणे अठरापर्यंत," लॉकी अभिमानानं म्हणाला.