सिग्नल कोणासाठी थांबतो

आमचं शिवणाचं दुकान चौकाच्या तोंडावर आहे. मशीनवर बसलं की सगळा रस्ता दिसतो. याच रस्त्यावर माझा नवरा गेला. पायाने अधू माणूस. अर्ध्यात पोचला तोवर दिवा बदलला आणि ट्रकवाल्याला दम निघाला नाही.

म्हणून माझ्या थोरल्या लेकाने इथे हुशार सिग्नल बसवला तेव्हा माझी मान ताठ झाली होती. तो सिग्नलचाच इंजिनियर. खांबावर कॅमेरा, गाड्या किती, माणसं किती, ते बघून दिवा बदलतो. रिकाम्या रस्त्यापायी कोणी धूर ओकत उभं राहत नाही, आणि चालणारा संथ असेल तर त्याला जास्त वेळ मिळतो. माझं पांढरं कापड पांढरं राहायला लागलं.

मग भर दुपारी सिग्नल उगाच थांबू लागला. समोरच्या कोपऱ्यावर कुत्रंही नसायचं, तरी चारी बाजूंना लाल. चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागायचा तो विझायचं नाव नाही. हॉर्नचा नुसता कालवा.

थोरला लॅपटॉप घेऊन माझ्या कापडाच्या गठ्ठ्यावरच बसला. पडद्यावर कोपरा रिकामा, आणि त्या रिकाम्या जागेभोवती यंत्राने चौकट आखलेली: एक व्यक्ती, चाल संथ.

म्हणाला, सावलीचा घोळ आहे, तेवढा कोपरा झाकून टाकतो, यंत्र तिकडे बघणारच नाही.

मी म्हटलं, शाळेतून येताना तुझी लेक तिथेच उभी राहते, तिला कोण बघणार?

"आई, तुला यातलं कळत नाही. वरून तक्रारी येताहेत."

मला कळत नाही! याच्या चड्डीची नाडी मी ओवली, आणि मला कळत नाही.

"गाडीवाल्यांना घाई, म्हणून तू कोपरा आंधळा करणार? तुझा बाप याच घाईने गेला."

त्याने लॅपटॉपची कळ दाबली. कोपऱ्यावर काळा चौकोन आला.

शाळा सुटली. थोरल्याची लेक, आमची भिंगरी, कोपऱ्यावर येऊन उभी राहिली. दिवा लागेना. पोरगी कंटाळली आणि तशीच रस्त्यात उतरली. भरधाव ट्रक येत होता.

चारी बाजूंना लाल झालं. ट्रक करकचून थांबला.

रोज उड्या मारत येणारी पोर आज पाऊल पाऊल टाकत दुकानात आली.

थोरला पडद्याकडे बघत होता. यंत्राने पोरीभोवती चौकट काढलीच नव्हती. चौकट होती ट्रकच्या पुढ्यात, मोकळ्या डांबरावर. एक व्यक्ती. उभी.

लाल दिवा हलेना. थोरला धावत गेला, खांबाची पेटी उघडून वीज तोडली. सगळे दिवे विझले.

एकही गाडी निघाली नाही.

हॉर्न नाही. एकेक करून इंजिनं बंद झाली.

थोरल्याने ट्रकवाल्याला हात केला, जा म्हणून. त्याने काच खाली केली.

"अहो, आजोबांना आधी जाऊ द्या की."

आणि त्याची नजर रस्त्यावरून सावकाश, थांबत थांबत, आमच्या दुकानाच्या दाराकडे सरकत राहिली.