पाठीवरचे सिलिंडर

तळ्याच्या पायरीवर एक अनोळखी तरुण विनुताकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "जरा बघा हो, दोन्ही व्हॉल्व्ह उघडे आहेत का?"

ना ओळख, ना पाळख! नाव विचारायच्या आधीच या माणसानं आपला जीव तिच्या हाती दिला होता. त्याच्या पाठीवर दोन सिलिंडर जोडीनं बांधलेले, आणि त्यांचे व्हॉल्व्ह मानेमागे. पाण्यात उतरणाऱ्याला स्वतःला ते दिसत नाहीत. विनुतानं हात लावून पाहिलं.

"उजवा अर्धा बंद आहे," ती म्हणाली. "काठावर श्वास येईल. खाली गेलात की आटेल."

"पाहिलंत?" तो वळून हसला. "म्हणूनच माणसास जोडीदार लागतो."

"म्हणूनच," विनुता म्हणाली, "व्हॉल्व्ह आपल्या डोळ्यांसमोर असावेत."

झालं! पहिल्याच भेटीत वाजलं.

तो सेतुमाधव. कुंभकोणमचा मराठी, तूतुकुडीच्या बंदरात पाणबुड्या. ती इथलीच, तंजावरची, पण नोकरी गोव्याला, समुद्राचा तळ धुंडाळण्याची. किल्ल्याजवळच्या तळ्यातून पूर्वी राजवाड्याच्या विहिरींना पाणी नेणारी दगडी नाली होती. ती अजून शाबूत आहे का, हे नगरपालिकेला गाळ काढण्याआधी हवं होतं. इंजिनिअर सुब्रमण्यमनी म्हणून दोघांना बोलावलं होतं. सत्त्याण्णव साल, पोंगल नुकता झालेला, तळं काठोकाठ भरलेलं. पहाटेचं धुकं अजून पाण्यावरून हलायचं होतं.

विनुतानं आपले सिलिंडर बाहेर काढले. एक डाव्या काखेखाली, एक उजव्या. कीळवासलच्या दुकानातून आणलेल्या सायकलच्या ट्यूबनं तिनं ते अंगाशी आवळले. सेतू बघतच राहिला.

"अय्यो! कुडम कमरेवर घेऊन पाण्यास निघालात की!"

"एक नव्हे, दोन घागरी," ती म्हणाली. "मज दिसतात, माझ्या हाताशी येतात. मागे कोण बघतं, याची वाट बघावी लागत नाही."

"आणि मी बघितलं तर?"

"तर बघा." तिनं मास्क चढवला. गाल तापल्याचं त्याला दिसू नये, एवढ्याचसाठी.

नालीनंच निकाल दिला. तोंड रुंद, पण बुटकं. सेतूच्या पाठीवरचे सिलिंडर छताच्या दगडावर ठणकन आपटले आणि स्वारी मागे आली. विनुता सुळकन आत जाऊन परतलीसुद्धा. वर आल्यावर तो खळखळून हसला. हरल्यावर असं हसणारा पुरुष तिनं फारसा पाहिला नव्हता.

"शिकवा मज," तो म्हणाला.

मग तिनंच त्याच्या काखेखाली सिलिंडर अडकवले, ट्यूब ताणली, छातीवरचा पट्टा ओढला. फार जवळ उभं राहावं लागलं... काय करणार, कामच तसं होतं! पाण्यात उतरल्यावर तो डावीकडे कलला, मग उजवीकडे, मग सरळ उताणा झाला. काठावर सुब्रमण्यम पोट धरून हसत होते.

पण नालीच्या आत तो हसण्यावारी नेणारा माणूस नव्हता. विनुता पुढे, तो मागे. तिनं मान वळवावी, तर दर वेळी त्याच्या टॉर्चचा उजेड तिच्या अंगावर असायचा. एकदा तिच्या डाव्या सिलिंडरची कडी सुटत आली होती. तिला कळायच्या आत त्यानं ती लावून टाकली आणि त्याचा गाजावाजा नंतरही केला नाही.

नाली शाबूत निघाली. काम संपत आलं, तेव्हा पायरीवर पितळी डबऱ्यातली कॉफी फुंकत सेतू म्हणाला, "अंदमानास काम मिळालंय. बुडलेली जहाजं तपासायची. जोडीनंच उतरायचं. जोडीदार मी निवडायचा आहे." तो थांबला. "विनुता, मज जोडीदार हवा आहे. पाण्यात... आणि पाण्याबाहेरही."

तिनं कॉफी पायरीवर ठेवली. "सिलिंडर?"

"कंपनीचे. पाठीवरचे. उघड्या समुद्रात, होडीवरून, तेच चालवतात."

"मग नाही," ती म्हणाली. आणि त्याचा पडलेला चेहरा बघून पुढचंही सांगून टाकलं, "तुम्ही मज आवडता. खोटं कशास बोलू? पण गोव्यात माझा जोडीदार 'बघितलं' म्हणाला होता. बघितलं नव्हतं त्यानं. खाली माझा श्वास आटला, आणि वर मी एकटीनं आले. तेव्हापासून मी कुणाकडे पाठ करून उभी राहिले नाही."

सेतूनं समजूत घातली नाही, शपथ घेतली नाही. "सरि, ठीक," तो म्हणाला. "दोन्ही तऱ्हा चालतील का, मी विचारतो. नाही म्हणाले, तर तुम्हास आग्रह करणार नाही."

त्या 'सरि'नंच ती जास्त अस्वस्थ झाली. घरी भागीरथी आत्यानं दोनदा विचारलं, सांबारात मीठ का नाही म्हणून. तिच्या वडिलांनी, आप्पांनी, ताकभातावर भागवलं.

शेवटच्या सकाळी तळ्याच्या मधोमध राहिलेला मोजणीचा दोर तेवढा काढायचा होता. सेतूची गाडी संध्याकाळची. तो तोंडावर पाणी मारून येतो तो काय, त्याचे जोडसिलिंडर विनुताच्या पाठीवर!

"हे काय?"

"मधे पाणी मोकळं आहे, इथे नाली नाही. जसं पाणी, तसं सामान." तिनं पायरीवरच्या आपल्या सिलिंडरांकडे बोट केलं. "तुम्ही माझे घाला. कललात तर मी आहे."

आणि ती वळली. त्याच्याकडे पाठ करून ताठ उभी राहिली.

"बघा," ती म्हणाली. आवाज ठाम होता.

त्याचा हात डाव्या व्हॉल्व्हवर गेला. मग उजव्यावर. तिथे थांबला.

"अर्धा बंद आहे."

"ठाऊक आहे. मीच केला."

"आणि मी न बघताच हो म्हणालो असतो तर?"

"तर सिलिंडर उतरवून ठेवले असते. आणि संध्याकाळी तुम्ही एकटेच गाडीत बसला असतात."

"आणि आता?"

"आधी तो उघडा. मग दुसरं तिकीट काढा. पण घरी येऊन आप्पांना विचारल्यावर, हं!"

तो हसला, ते तिला मानेवर जाणवलं. व्हॉल्व्ह सावकाश फिरत गेला आणि थांबला.

"दोन्ही उघडे," तो म्हणाला.

विनुताचा हात सवयीनं खांद्यावरून मागे गेला, स्वतः चाचपून बघायला. वाटेत त्याची बोटं लागली. तिनं ती घट्ट धरली आणि हात तिथूनच परत आणला, त्याच्यासकट. व्हॉल्व्हपर्यंत तिचा हात गेलाच नाही.