अजून आठ मिलिमीटर

कागदांची गुंडाळी काखोटीला मारून ती घरी आली, तेव्हा फाटकापाशी एक तरुण रस्ता झाडत होता. इस्त्रीचा हिरवा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव, डोक्यावर हेल्मेट आणि हातात चक्क खराटा! फांद्या छाटून पाचोळा दारात टाकून पसार होणारे तिनं ढिगानं पाहिले होते. हा तर फाटकाची कडीसुद्धा पुसत होता.

त्यानं हेल्मेट काढलं. "माडीवरच्या तुम्हीच ना? माझ्याकडून चूक झालीय. मी चुकीची फांदी कापली."

तिनं वर पाहिलं. वारा सुटला की पत्र्यावर घासणारी फांदी जागच्या जागी होती. गेली होती ती तिच्या खिडकीवर सावली धरणारी. ती घरीच नकाशे काढायची. म्हणजे आता भर दुपारचं ऊन थेट तिच्या टेबलावर.

"तुम्ही फोनवर खिडकीतून बघून 'डावी' म्हणालात. मी रस्त्यावरून डावी धरली. वर चढण्याआधी विचारायला हवं होतं… नाही विचारलं."

"आतून पोखरली होती, असं ठोकून दिलं असतंत तर मला काय कळणार होतं?"

"तुम्हाला नसतं कळलं," तो म्हणाला. "पण मला माहीत होतं ना…"

नाकाच्या शेंड्यावर आलेला तिचा राग तिथेच विरघळला. माणूस तिला आवडला, अगदी तेव्हाच. अर्थात हे तिनं स्वतःला पुढे बऱ्याच महिन्यांनी कबूल केलं.

दुसऱ्याच दिवशी त्यानं खिडकीला छानसा पडदा बसवून दिला आणि शब्द दिला – झाडाची जखम भरेपर्यंत दर महिन्याला येऊन बघेन.

तो आलाही. शिडी, फूटपट्टी, छापील फॉर्म. जखम खोडाच्या पलीकडच्या अंगाला, पानांच्या गर्दीत होती. खालून किंवा खिडकीतून काही दिसत नसे. साल चहूकडून आत सरकते, मधलं उघडं लाकूड किती उरलं ते मोजायचं, असं त्यानं तिला समजावलं. तो वरून आकडा सांगायचा, ती खाली शिडी धरून लिहायची.

"बेचाळीस मिलिमीटर!… शिडी धरलीय ना? की नुसत्या बघताय?"

"दोन्ही," ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली. वर एक फांदी उगाचच हलली.

त्याच्या गाडीत दोरखंड सारखे गुंडाळलेले असत, प्रत्येक करवत आपल्या म्यानात. त्याची आत्या ऑफिस सांभाळायची आणि तिसरी घंटा वाजायच्या आत फोन उचलायची. चुकीचं खापर त्यानं कुणावर फोडलं नव्हतं, फॉर्मच बदलायला घेतला होता. नव्या फॉर्मवर घर, झाड आणि रस्ता असं छोटंसं चित्र आलं, म्हणजे पुन्हा डाव्या-उजव्याचा घोळ नको. ते चित्र तिनंच काढून दिलं होतं.

एकतीस. एकोणीस. आठ.

आकडा उतरला की ती तो नाखुशीनंच लिहायची. शून्य झालं की हा शिडी मिटणार, नमस्कार करणार आणि जाणार. इतका शिस्तीचा माणूस कामाशिवाय कशाला येईल?

पण जखम आठावरच अडली! भेटीचा वार तेवढा बदलून रविवार झाला. एक महिना, दोन, चार… सहा.

"या झाडाला शिडीचा लळा लागलेला दिसतोय," तिचे बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले.

आणि एका मंगळवारी आत्याचा फोन आला.

"काम संपून सहा महिने झाले की आम्ही विचारपूस करतोच. जखम भरली, फाइल बंद झाली. काही तक्रार नाही ना?"

"बंद? अहो, ते परवाच रविवारी येऊन गेले!"

आत्या सावकाश म्हणाली, "रविवारी आम्हाला सुट्टी असते गं, बाळ… तरीच म्हटलं, महिन्यातल्या एका रविवारी हा शर्टाला दोनदा इस्त्री का करतो!"

पुढच्या भेटीला भुरभुर पाऊस होता. तिनं त्याच्या हातात फॉर्म दिला.

"आज मी चढते. तुम्ही लिहा."

"नको… शिडी ओली आहे… आणि तिथे नीट दिसतही नाही…" त्याचा चेहरा पार उतरला होता.

"धरा घट्ट."

ती चढली. पानं बाजूला केली. साल पूर्ण मिटली होती. मधोमध उरली होती फक्त एक बारीक शिवण. तिनं त्यावरून बोट फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं ते पावसाचं नव्हतं.

"कळलं ना?" खालून आवाज आला.

"हो."

"चूक कबूल करायला मी कधी घाबरलो नाही. पण हे सांगितलं असतं, तर यायला कारणच उरलं नसतं… मला तुम्ही आवडता. फार. आता जा म्हणालात तर शिडी घेऊन जातो."

तिनं फूटपट्टी त्या मिटलेल्या जागेवर नीट टेकवली.

"लिहा. बारा मिलिमीटर."

"बारा?… वाढली?"

"वाढली! महिन्यातून एकदा येऊन भागायचं नाही आता."

ती उतरली तेव्हा तो अजून लिहितच होता. अक्षर नेहमीसारखं नेटकं. 'पुढची भेट' या रकान्यात त्यानं लिहिलं होतं – 'उद्या संध्याकाळी. शिडीशिवाय.'

तिनं पेन घेतलं आणि खाली सही केली.